दुसऱ्यांच्या ॲपसाठी लिहिलेला नेटिव्ह कोड

[दृश्य: नागपूर, कळमना बाजार. संत्र्यांचे ढीग. एका ढिगावर धरलेला मोबाइल.]

अंबिया बहराची संत्री कळमना बाजारात येऊ लागली, की आकार, रंग आणि सालीवरचे डाग पाहून त्यांची प्रतवारी होते. या पारखीला मोबाइलच्या कॅमेऱ्याची जोड मिळावी, म्हणून शहरातील प्रोग्रामरांचा एक लहानसा चमू अँड्रॉइडसाठी लायब्ररी मॉड्यूल, म्हणजे इतर ॲपमध्ये जोडता येणारा तयार कोडचा संच, तयार करीत आहे. हे मॉड्यूल शेतकरी कंपनीच्या, व्यापाऱ्याच्या किंवा कृषी सल्ला देणाऱ्या कोणाच्याही ॲपमध्ये बसवता यावे, असा त्यांचा हेतू आहे. मॉड्यूलचा गाभा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे, आणि या कामातील बहुतेक अडचणी त्या गाभ्यापाशी सुरू होतात.

अँड्रॉइडचे ॲप साधारणपणे कोटलिन किंवा जावामध्ये लिहिले जाते. मात्र प्रोसेसरवर थेट चालणारा सी किंवा सी प्लस प्लसमधील कोड, म्हणजेच नेटिव्ह कोडही त्यात घालता यावा, यासाठी गूगलने २००९ मध्ये एनडीके हा साधनसंच उपलब्ध करून दिला. प्रतवारीच्या कामाला तो का लागतो, हे साध्या गणितावरून समजते. १९२० गुणिले १०८० आकाराच्या एका चित्रात २० लाखांहून अधिक बिंदू असतात, आणि सेकंदाला ३० चित्रे तपासायची म्हटली तर ६ कोटींहून अधिक बिंदूंचा रंग पाहावा लागतो. आर्म प्रोसेसरमधील निऑन सूचना एका वेळी १६ बाइट हाताळतात. सी प्लस प्लसमधून त्या थेट वापरता येतात आणि कॅमेऱ्याकडून आलेल्या बफरची (चित्राची माहिती असलेल्या स्मृतीच्या तुकड्याची) नक्कल न करता त्याच जागेवर काम करता येते.

[दृश्य: कार्यालय. संगणकाच्या पडद्यावर उघडलेली एएआर फाइल.]

बिल्ड, म्हणजे कोडपासून वापरायोग्य फाइल तयार करण्याची प्रक्रिया, पूर्ण झाल्यावर हाती येते ती एएआर फाइल, म्हणजे अँड्रॉइड लायब्ररीचे गाठोडे. ती मुळात झिप फाइलच असल्याने उघडून पाहता येते, आणि लायब्ररी लिहिणाऱ्याने प्रत्येक आवृत्तीच्या वेळी ती उघडून पाहावीच. आत लायब्ररीची माहिती देणारी मॅनिफेस्ट फाइल आहे, कोटलिनचा कंपाइल झालेला कोड असलेली जार फाइल आहे आणि ‘जेएनआय’ नावाचे एक फोल्डर आहे (जेएनआय म्हणजे कोटलिन किंवा जावा आणि सी प्लस प्लस यांना जोडणारा दुवा). त्या फोल्डरमध्ये प्रोसेसरच्या प्रकारागणिक वेगळे उपफोल्डर दिसते: ६४ बिटी आर्म, ३२ बिटी आर्म, आणि संगणकावर फोनची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरसाठी एक्स८६ चे दोन प्रकार. प्रत्येकात एकाच नावाची एसओ फाइल (नेटिव्ह कोडची तयार फाइल) असली, तरी तिच्यातील यंत्रभाषा निराळी असते.

यांपैकी कोणते प्रकार द्यायचे, हा निर्णय वाटतो तितका साधा नाही. गूगल प्लेने १ ऑगस्ट २०१९ पासून नेटिव्ह कोड असलेल्या ॲपला ६४ बिटी आवृत्ती सक्तीची केली, म्हणून ६४ बिटी आर्म तर हवेच. परंतु काटोल किंवा नरखेडकडच्या शेतकऱ्याच्या हातातील जुना, स्वस्त फोन ३२ बिटी असू शकतो, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे त्यालाच वगळणे या चमूला मान्य नाही. त्यांनी दोन्ही प्रकार ठेवले, हे योग्यच केले.

यात आणखी एक मेख आहे. अँड्रॉइड ॲप स्थापित करताना त्यासाठी प्रोसेसरचा एकच प्रकार निवडतो. समजा, एखाद्या ॲपमध्ये आपली लायब्ररी दोन्ही प्रकारांत आहे, पण त्याच ॲपमधील दुसऱ्या कोणाची तरी लायब्ररी फक्त ३२ बिटी आहे. आपली लायब्ररी येण्यापूर्वी ते ॲप ६४ बिटी फोनवरही ३२ बिटी म्हणून निमूटपणे चालत होते. आपली फाइल आल्याबरोबर अँड्रॉइड ६४ बिटी फोल्डर निवडतो, त्यात त्या दुसऱ्या लायब्ररीची फाइल सापडत नाही, आणि ती लोड करण्याची वेळ येताच ॲप ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’ देऊन बंद पडते. दोष आपल्या कोडमध्ये नसतो, तरी तक्रार आपल्याकडेच येते, कारण आपली लायब्ररी घातल्यावरच ॲप बिघडले असे ॲप लिहिणाऱ्याला दिसते. म्हणून कोणते प्रकार दिले आहेत आणि ॲपमध्ये ते कसे गाळता येतात, हे वापर-सूचनेच्या पहिल्याच परिच्छेदात सांगितलेले बरे.

लायब्ररी लिहिणारा हा दुसऱ्याच्या घरी राहायला गेलेल्या पाहुण्यासारखा असतो. घरात आणखी कोण उतरले आहे, हे त्याला ठाऊक नसते. सी प्लस प्लसच्या प्रमाणित लायब्ररीबाबत, म्हणजे भाषेसोबत येणाऱ्या नेहमीच्या फंक्शनांच्या संचाबाबत, हे विशेष जाणवते. तिची सामायिक एसओ फाइल दोन वेगळ्या एएआर फाइलींतून आली, तर एकाच जागी दोन फाइली सापडल्याचे सांगून ॲपचे बिल्ड थांबते. ॲप लिहिणारा त्यांपैकी पहिली घ्यावी असे सांगून सुटका करून घेतो, पण निवडली गेलेली फाइल जुन्या एनडीकेची निघाल्यास ॲप चालताना ते महागात पडू शकते. या चमूने वेगळी वाट धरली. त्यांच्या मॉड्यूलमध्ये एकच एसओ फाइल आहे आणि तिच्या सीमेवरून प्रमाणित लायब्ररीची कोणतीही वस्तू बाहेर जात नाही. त्यामुळे त्यांनी ती लायब्ररी स्टॅटिक पद्धतीने आतच जोडली आणि जेएनआयला लागणाऱ्या मोजक्या फंक्शनांखेरीज बाकी सर्व नावे बाहेरून दिसणार नाहीत अशी व्यवस्था केली. फाइल काहीशी मोठी झाली, पण टक्कर टळली.

[दृश्य: दोन सहकारी एका पडद्याकडे पाहत आहेत.]

“सर, आपल्या नमुना ॲपमध्ये तर चालते,” हे वाक्य अशा कार्यालयात नेहमी ऐकू येते, आणि ते बहुधा खरेही असते. नमुना ॲप डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या आवृत्तीत चालते. प्रकाशित होणाऱ्या ॲपमध्ये मात्र आर८ हे साधन न वापरलेला कोड काढून टाकते आणि उरलेल्या क्लासांची नावे आखूड करते. प्रतवारीचा निकाल कळवण्यासाठी सी प्लस प्लसमधून कोटलिनचे एक फंक्शन नावाने शोधले जाते. कोटलिनच्या बाजूने त्याला कोणीच हाक मारत नसल्यामुळे आर८ ते निरुपयोगी समजून काढते, आणि शोध निष्फळ ठरून ॲप कोसळते. उपाय सोपा आहे: हे फंक्शन राखून ठेवण्याचा नियम लायब्ररीनेच एएआरमधून सोबत पाठवावा, म्हणजे तो ॲपच्या बिल्डला आपोआप लागू होतो. तो नियम प्रत्येक ॲप लिहिणाऱ्याने हाताने लिहावा, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे आपले काम त्याच्यावर ढकलणे होय.

अलीकडे एका नव्या अटीची भर पडली आहे. अँड्रॉइडचे फोन आजवर स्मृतीची पाने (स्मृती ज्या ठरावीक तुकड्यांत हाताळली जाते ते तुकडे) ४ केबीची धरून चालत होते. अँड्रॉइड १५ ने १६ केबीच्या पानांचा पर्याय आणला. १ नोव्हेंबर २०२५ पासून, अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढील आवृत्ती लक्ष्य ठेवणाऱ्या नव्या ॲपना आणि सुधारित आवृत्त्यांना गूगल प्लेने ही तयारी आवश्यक केली. एनडीकेच्या २८ व्या आवृत्तीत फाइली मुळातच १६ केबीला जुळवून तयार होतात. जुन्या आवृत्तीत कोडचे तुकडे जोडून फाइल बनवणाऱ्या लिंकरला तसे सांगावे लागते. मात्र कोणाकडून तरी तयार मिळालेली, पूर्वीच बिल्ड झालेली एसओ फाइल आपण नुसती उचलून ठेवली असेल, तर ती अशी आपोआप बदलत नाही. एका तयार फाइलीपायी संपूर्ण ॲप अडते.

[दृश्य: टेबलावर जुने-नवे फोन. स्क्रीनवर क्रॅशची नोंद.]

चाचणीसाठी या चमूने एक निराळे ॲप ठेवले आहे. लायब्ररीचा मूळ कोड त्याला दिसत नाही. बाहेरच्या ग्राहकाप्रमाणे ते प्रकाशित एएआरच घेते, त्यात आर८ चालू असते आणि ते ३२ बिटी फोनवरही चालवून पाहिले जाते. तरीही एखाद्या शेतावर ते बंद पडेलच, आणि तेव्हा क्रॅशच्या (ॲप कोसळल्याच्या) नोंदीत कोडच्या ओळी दिसणार नाहीत, स्मृतीतले नुसते पत्ते दिसतील, कारण प्रकाशित फाइलमधून डीबगची माहिती काढून टाकलेली असते. म्हणून प्रत्येक आवृत्तीची न छाटलेली एसओ फाइल ते जपून ठेवतात. एनडीकेमधील एनडीके-स्टॅक हे साधन त्या फाइलच्या आधारे पत्त्यावरून कोडच्या नेमक्या ओळीपर्यंत नेते. फाइल मात्र त्याच बिल्डची हवी, आणि ती तीच आहे की नाही, हे दोन्हींतील बिल्ड आयडी (त्या बिल्डची ओळखखूण) ताडून ठरवले जाते.