फायलींच्या बाहेरून

दिल्ली छावणीत, राव तुलाराम मार्गालगत संरक्षण अभ्यास व विश्लेषण संस्था आहे. गोव्याचे मनोहर पर्रीकर यांचे नाव तिला २०२० मध्ये देण्यात आले. पण एका मराठी संरक्षणमंत्र्याशी तिचे नाते थेट जन्मापासूनचे आहे. १९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणाला. त्यांच्याच कारकिर्दीत, पाकिस्तानशी युद्धविराम होऊन दोन महिनेही उलटले नव्हते तेव्हा, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी ही संस्था स्थापन झाली. शेजारी देशांच्या लष्करी धोरणाचा अर्थ लावणारे, परंतु स्वतः गणवेशात किंवा मंत्रालयाच्या खुर्चीत नसलेले अभ्यासक तोवर देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

पहिले संचालक मेजर जनरल सोम दत्त यांच्यानंतर १९६८ मध्ये ही धुरा के. सुब्रह्मण्यम यांच्याकडे आली. तिरुचिरापल्लीत जन्मलेले हे सनदी अधिकारी १९७५ पर्यंत आणि पुन्हा १९८० ते १९८७ या काळात संचालक होते. संस्थेचा खर्च संरक्षण मंत्रालय उचलत होते आणि संरक्षणमंत्री हेच तिचे अध्यक्ष. मंत्रालयाच्या गोपनीय फायली मात्र संशोधकांना सहसा पाहायला मिळत नसत. ज्याच्या पैशावर संस्था चालते, त्याच्याच धोरणाची चिकित्सा करायची आणि तीही त्याची कागदपत्रे न पाहता, अशी ही विलक्षण नोकरी होती. संसदेतील उत्तरे, अर्थसंकल्पातील तरतुदी, परदेशी नियतकालिके आणि शेजारी देशांतील वृत्तपत्रे यांतून बारकाईने वेचलेले तपशील एवढेच संशोधकाचे भांडवल असे.

या भांडवलावर सुब्रह्मण्यम यांनी काढलेले निष्कर्ष सरकारला नेहमीच सोयीचे होते असे नाही. अण्वस्त्रप्रसारबंदी कराराला त्यांनी कडाडून विरोध केला आणि भारताने स्वतःची अण्वस्त्रे बाळगावीत, असे ते पोखरणच्या कितीतरी आधीपासून मांडत होते. मार्च १९७१ च्या अखेरीस, पूर्व पाकिस्तानात लष्करी दडपशाही सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा पाकिस्तानचे विभाजन भारताच्या हिताचे आहे, असे त्यांनी दिल्लीतील एका परिसंवादात उघडपणे म्हटले. सरकार अजून शब्द तोलत असताना सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या संचालकाने हे बोलावे का, याविषयी मतभेद होऊ शकतात. पाकिस्तानने तर हे विधान भारताच्या हेतूचा पुरावा म्हणून वापरले. संशोधकाचे मत आणि सरकारचे मत यांतील अंतर सीमेपलीकडे कोणी मोजत बसत नाही, ही या कामातील खरी अडचण आहे.

अभ्यासक म्हणून फायलींची दारे त्यांच्यासाठी खऱ्या अर्थाने उघडली ती निवृत्तीनंतर, कारगिलच्या निमित्ताने. २९ जुलै १९९९ रोजी त्यांच्या अध्यक्षतेखाली पुनरावलोकन समिती नेमण्यात आली. लेफ्टनंट जनरल के. के. हजारी, पत्रकार बी. जी. व्हर्गीज आणि सदस्य-सचिव सतीश चंद्र हे तिचे अन्य सदस्य. साक्षीदारांना सक्तीने बोलावण्याचा अधिकार समितीला नव्हता, तरीही तिने आजी-माजी पंतप्रधानांशी चर्चा केली आणि पाच महिन्यांच्या आत अहवाल तयार केला. गुप्तवार्ता यंत्रणांमध्ये समन्वय नसल्याचे तिने स्पष्टपणे नोंदवले. त्यावर मंत्रिगट बसला, २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली. मंत्रिगटाने शिफारस केलेले संरक्षण दलप्रमुखाचे पद निर्माण व्हायला मात्र २०१९ चा डिसेंबर संपत आला.

फेब्रुवारी २००० मध्ये हा अहवाल संसदेपुढे ठेवण्यात आला आणि पुस्तकरूपाने दुकानांतही आला. सुरक्षेच्या कारणास्तव त्यातील काही मजकूर गाळलेला आहे आणि त्या जागा वाचकाला लगेच कळतात. १९६२ च्या युद्धाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली होती, तिच्याविषयी चव्हाणांनी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेत निवेदन केले. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्या चौकशीच्या अहवालाचा काही भाग इंटरनेटवर ठेवला, परंतु सरकारने तो अहवाल स्वतःहून प्रसिद्ध केलेला नाही. त्या युद्धावर लिहू पाहणारा या इमारतीतील संशोधक अजूनही फायलीच्या बाहेरच उभा आहे.