पंचांगावरची लाल वर्तुळं

सोळाव्या शतकातला चीन, मिंग घराण्याचं राज्य. रात्र पडली की या घरात हिशोब लिहिला जायचा, पण पैशांचा नव्हे. आज कुणाचं भलं केलं, कुठे चुकलो, याचा. युआन ल्याओफान स्वतः वहीत लिहायचा. बायकोला लिहिता येत नव्हतं. ती हंसाच्या पिसाची पोकळ दांडी हिंगुळात बुडवायची आणि पंचांगात त्या दिवशी एक लाल वर्तुळ उठवायची. गरिबाला जेवू घातलं, एक वर्तुळ. विकायला आणलेला जीव पैसे मोजून सोडवला, आणखी एक. कधी कधी एका दिवसात दहाच्या वर.

अशा वहीला म्हणत 'गोंगग्वोग', गुणदोषांची खातेवही. आपल्याकडे हे काम चित्रगुप्ताकडे. तिथं ज्यानं त्यानं आपली कीर्द आपणच लिहायची.

युआनच्या हाती ती आली कशी? एका ज्योतिषानं त्याला सांगून ठेवलं होतं : सरकारी परीक्षांत कितवा येशील, मूल होणार नाही, ५३व्या वर्षी जाशील. क्रमांक तंतोतंत जुळत गेले. मग धडपड कशाला करायची? १५६९मध्ये नानजिंगजवळच्या छीश्या डोंगरावर तो भिक्षू युनगूंसमोर तीन दिवस, तीन रात्री निश्चल बसला. भिक्षूंना वाटलं, केवढी ही साधना! सगळं ठरलेलंच आहे म्हणून तो स्वस्थ, हे खरं कारण कळल्यावर ते हसले. तू तर चारचौघांतलाच निघालास, नशीब सत्कर्मांनी बदलतं, म्हणाले, आणि वही हाती दिली.

पहिली ३००० सत्कर्मं पुरी व्हायला दहा वर्षं लागली. पुढची ३००० मुलासाठी. १५८१मध्ये मुलगा झाला. मग १०,००० चा संकल्प, सर्वोच्च परीक्षेसाठी. १५८६मध्ये तीही झाली आणि युआन बाओदीचा अधिकारी झाला. बाओदी आज त्यानजिन शहराचा भाग आहे.

आता बायकोला घोर लागला. "घरी होतो तेव्हा मी हातभार लावत होते. या सरकारी वाड्यात करायला आहे काय? दहा हजार भरायचे कधी?"

त्या रात्री युआनच्या स्वप्नात देव आला. म्हणाला, शेतसारा कमी केलास, त्यातच भरले. आणि सारा खरंच उतरवला होता : दर मू (जमिनीचं चिनी माप) मागे २.३७ फन (चांदी तोलायचं छोटं वजन) चांदीवरून १.४६ वर. मला तर सगळ्या गोष्टीत हीच नोंद वजनदार वाटते.

त्रेपन्नावं वर्ष आलं नि गेलं. एकोणसत्तराव्या वर्षी त्यानं हे सगळं मुलासाठी लिहून ठेवलं.

सगळ्यांना ते पटलं नाही. ल्यू झोंगझोऊ या कन्फ्यूशियन विद्वानाचं म्हणणं, पुण्य मोजायला बसलात की तो व्यापार झाला. मिंग राजवटीच्या अखेरच्या वर्षांत त्यानं आपली वेगळी वही मांडली. तिच्यात फक्त दोष लिहायचे. लाल वर्तुळाला जागाच नव्हती.