चंद्र पडतोच आहे

(सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. आठच्या सुमारास आभाळातून जळत्या तुकड्यांची रांग सरकत गेली आणि आपल्याच तालुक्यात, लाडबोरीला, जवळपास तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. पवनपारकडे एक गोळा सापडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे हे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. तेव्हा जो तो विचारत होता, हे पडलं कसं? मला उलटा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. वर्षभर हे पडलं का नाही?

तर ते वर्षभर पडतच होतं. आज मला एवढंच पटवून द्यायचं आहे.

ही दोन नाणी बघा. टेबलाच्या कडेवर ठेवली आहेत. एक नुसतं कडेवरून सोडतो, दुसऱ्याला त्याच क्षणी टिचकी मारून दूर उडवतो. कान द्या. आवाज एकच आला ना? एक नाणं पायाशी पडलं, दुसरं पार पहिल्या रांगेपर्यंत गेलं, पण जमिनीला दोघं एकदमच टेकली. पुढे जाण्याचा वेग कितीही असो, खाली पडणं त्याने थांबत नाही. उंची पुरेशी असती, तर पहिल्या सेकंदात दोन्ही नाणी सारखीच, ४.९ मीटर खाली आली असती.

आता पृथ्वी गोल आहे हे त्यात मिळवा. सरळ रेषेत ७.९ किलोमीटर पुढे गेलात, तर तेवढ्यात जमीन तुमच्या रेषेखालून ४.९ मीटर खाली वळलेली असते. म्हणजे हवेचा अडथळा नसेल आणि वस्तू सेकंदाला ७.९ किलोमीटर वेगाने आडवी सुटली, तर ती जेवढी पडते तेवढीच जमीनही खाली जाते. पडणं चालूच, जमीन मात्र जवळ येत नाही. यालाच आपण कक्षा म्हणतो. ही कल्पना न्यूटनची.

पोरांनो, एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘गुरुत्वाकर्षण आत ओढतं, दुसरं एक बल बाहेर ओढतं, दोघांचा तोल साधतो म्हणून उपग्रह पडत नाही,’ असं कोणी लिहून दिलं तर पाठ करू नका. तोल साधला असता, तर उपग्रह सरळ रेषेत निघून गेला असता. वावरात पाखरं हाकताना गोफणीचा गोटा सुटतो, तो हातापासून थेट बाहेरच्या बाजूला जात नाही. सुटताना ज्या दिशेला धावत होता, त्याच दिशेला सरळ जातो. दोरीची ओढ होती तोवरच तो वळत होता. उपग्रहावरही ओढ एकच आहे, आतली, आणि तिचा तोल कोणी साधत नाही.

अंतराळवीर तरंगतात, कारण ‘वर गुरुत्वाकर्षण नसतं’, हाही तसलाच समज. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथे पृथ्वीची ओढ इथल्या जवळपास ९० टक्के असते. माणसं आणि यान एकत्रच पडत असतात, म्हणून पायाला फरशीचा दाब लागत नाही.

चंद्राचंही तेच. तो पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण ६० पट दूर. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, म्हणजे तिथे ३६०० पट कमी. ४.९ मीटरला ३६०० ने भागा, सव्वा मिलिमीटरच्या थोडं वर येतं. चंद्र सेकंदाला एक किलोमीटर पुढे जातो आणि तेवढ्यात आपल्याकडे इतकाच पडतो. न्यूटनने हे ताडून पाहिलं. झाडाच्या फळाला आणि चंद्राला एकच नियम लागू पडतो, हे त्यातून दिसलं. मला आजही हा हिशोब मांडताना अंगावर काटा येतो.

मग ते कडं शेवटी खाली का आलं? अशा टप्प्यांची कक्षा सहसा लांबुळकी असते. एक टोक हजारो किलोमीटर दूर, दुसरं टोक विरळ हवेत शिरणारं. प्रत्येक फेरीत हवा थोडी ऊर्जा खाते, लांबचं टोक जवळ येत जातं, आणि शेवटी पुरती कक्षाच दाट हवेत बुडते.

जाता जाता घरच्या छतावरच्या डिशचं बघू. ती एकाच दिशेला रोखलेली असते, कारण तिचा उपग्रह विषुववृत्तावर, पृथ्वीच्या बरोबरीने साधारण एका दिवसात एक फेरी घेतो. तो किती उंच असेल? चंद्राला फेरीला २७.३ दिवस लागतात आणि त्याचं अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर. केप्लरचा नियम सांगतो की काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. २७.३ चा वर्ग ७४५, त्याचं घनमूळ ९ च्या किंचित वर. चंद्राचं अंतर त्याने भागा, ४२ हजारांच्या थोडं पुढे येईल. त्यातून पृथ्वीची त्रिज्या, ६,४०० किलोमीटर, वजा करा. उरले जवळपास ३६ हजार, आणि डिशचे उपग्रह तिथेच आहेत.