एकदाच वाचायचा कागद

[दृश्य: लाकडी टेबल. हाताने काढलेला तळघराचा नकाशा, फासे, पेन्सिली.]

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत खेळायचा खेळ. तो खेळणाऱ्या कुठल्याही टोळीतल्या पात्रांच्या पिशव्या उलट्या करून बघा. दोरखंड, मशाली, औषधाच्या कुप्या, आणि अगदी तळाशी दोन-तीन स्क्रोल, म्हणजे मंत्र लिहिलेले गुंडाळलेले कागद. मिळाल्यापासून कुणी हात न लावलेले, पुढे कधीतरी लागतील म्हणून जपलेले. मोहीम संपते, पात्रं निवृत्त होतात, स्क्रोल तिथेच राहतात. मला याची मनापासून हळहळ वाटते, कारण या खेळातली सगळ्यात नाट्यमय वस्तू तीच आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून, लेक जिनिव्हा गावातून बाहेर पडला. तेव्हापासून स्क्रोलचे नियम कितीतरी वेळा बदलले, पण मुद्दा तोच राहिला: कागदावरचा मंत्र एकदाच चालतो. वाचला की गेला.

[दृश्य: दोन्ही टोकांकडून गुंडाळलेला जाड कागद, वरखाली चामड्याच्या पट्ट्या.]

हा कागद दिसतो कसा? खेळाच्या 2003 मधल्या साडेतीन (3.5) क्रमांकाच्या आवृत्तीने ते सविस्तर सांगितलंय. उत्तम चर्मपत्र किंवा भारी कागद. एका मंत्राला साडेआठ इंच रुंद, अकरा इंच लांब जागा पुरते. म्हणजे अमेरिकेत प्रिंटरमध्ये घालतात त्याच मापाचा कागद, आपल्या ए-फोरपेक्षा थोडा रुंद आणि आखूड. वरखाली चामड्याची पट्टी. गुंडाळायचा दोन्ही टोकांकडून, म्हणजे लढाईत झटकन उघडता येतो. मग तो हस्तिदंताच्या, लाकडाच्या नाहीतर धातूच्या नळीत ठेवायचा.

तो लिहिणं तर आणखी अवघड. 1979 च्या नियमांत जादूगाराला सातव्या लेव्हलपर्यंत (लेव्हल म्हणजे पात्राच्या अनुभवाची पायरी) थांबावं लागे, आणि शाईसुद्धा बाजारात मिळत नसे. दगड होण्यापासून वाचवणाऱ्या स्क्रोलच्या शाईची कृतीच दिली होती: महाकाय स्क्विडची शाई, बॅसिलिस्कचा डोळा, कॉकाट्रिसची तीन पिसं, आणि भोपळ्याच्या सहा बिया. बॅसिलिस्क आणि कॉकाट्रिस, दोघंही माणसाचा दगड करणारे प्राणी. म्हणजे शाई मिळवायची तर त्यांनाच गाठायचं. एका स्क्रोलसाठी अख्खी मोहीम! पुढच्या आवृत्त्यांनी हे सगळं सोन्याच्या नाण्यांवर आणि दिवसांच्या हिशोबावर आणलं. सोय झाली खरी, पण ती पिसं गेली याचं मला दुःख आहे.

[दृश्य: फासा घरंगळतो.]

आता खरा प्रश्न, स्क्रोल वाचायचा कुणी?

त्या जुन्या नियमांत दहाव्या लेव्हलच्या चोराला स्क्रोल वाचता येई. क्लेरिकचे, म्हणजे देवाच्या उपासकाचे, मंत्र सोडून. पण त्याला जादू पुरती कळत नाही, म्हणून अर्थाचा अनर्थ होण्याची शक्यता 25 टक्के. उच्चार चुकला तर मंत्र उलटाही फिरायचा. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत जादूच्या वस्तू वापरण्याचं वेगळं कौशल्यच आलं. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत विधींचे स्क्रोल कुणालाही वाचायला मोकळे झाले. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने दार पुन्हा लोटून घेतलं: मंत्र तुमच्या क्लासच्या, म्हणजे पात्राच्या पेशाच्या, यादीत असेल तरच अक्षरं लागतील, नाहीतर कागदावर नुसत्या रेघोट्या.

2023 मध्ये बाल्डर्स गेट थ्री हा व्हिडिओ गेम आला आणि त्यात कुणीही स्क्रोल वापरू लागलं. तिथून टेबलावर आलेले नवे खेळाडू साहजिकच विचारतात, माझ्या फायटरला का नाही? माझं मत स्पष्ट आहे. टेबलावर ही अट ठेवा. कुणीही वाचू शकत असेल तर स्क्रोल कुणाकडे आहे याला काही अर्थच उरत नाही.

[दृश्य: कॅरेक्टर शीट. बोट आकड्यांवरून फिरतं.]

पाचव्या आवृत्तीतलं उदाहरण घेऊ. तिसऱ्या लेव्हलची विझार्ड, म्हणजे जादूगार, बुद्धिमत्ता 16. तिला फायरबॉलचा, म्हणजे आगीच्या गोळ्याचा, स्क्रोल मिळाला. यादीतला मंत्र आहे, म्हणून वाचता येतो. पण मंत्रांच्या लेव्हल्स वेगळ्या मोजतात: फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा मंत्र, आणि तिची मजल अजून दुसऱ्या लेव्हलच्या मंत्रांपर्यंतच. मग फासा टाकायचा. लक्ष्य 10 अधिक मंत्राची लेव्हल, म्हणजे 13. 16 बुद्धिमत्तेमुळे रोलमध्ये तीन मिळवायचे, म्हणून वीस बाजूंच्या फाशावर 10 किंवा जास्त हवेत. शक्यता 55 टक्के. जमलं तर आठ फाशांची आग. शिवाय शत्रूला त्या आगीतून बचावायला फाशावर 15 गाठावे लागतात. तिच्या स्वतःच्या मंत्रांना 13 पुरतात. स्क्रोलचा जोर मंत्राच्या लेव्हलने ठरवलेला, वाचणारा कितीही नवखा असो. नाही जमलं, तर कागद कोरा.

आता ती थांबली आणि पाचव्या लेव्हलला पोचली, तर हाच मंत्र स्पेलबुकात, म्हणजे तिच्या मंत्रांच्या वहीत, उतरवता येतो. सहा तास, 150 सोन्याची नाणी आणि पुन्हा 13 चा रोल. जमो न जमो, स्क्रोल नष्ट. म्हणजे आज समोरच्या गॉब्लिन्सवर आग, की दोन लेव्हल्सनंतर कायमची विद्या? हा पेच खेळाडूला स्वतःला सोडवू द्या. खेळ चालवणाऱ्या डीएमने त्यात पडू नये.

फसलेल्या वाचनासाठी 2014 च्या पाचव्या आवृत्तीत आणखी एक नियम आहे, ऐच्छिक. बुद्धिमत्तेचा 10 चा सेव्ह, म्हणजे बचावाचा रोल, चुकला तर सहा बाजूंचा फासा टाकून तक्त्यात बघायचं. मंत्र स्वतःवर किंवा साथीदारावर उलटेल, भलतीकडे जाईल, उलटा परिणाम करेल, किंवा एक ते बारा तासांनी लागू होईल. कल्पना करा, लढाई संपली, सगळे झोपलेत, आणि मध्यरात्री तो फायरबॉल सुटतो. बरेच जण हा तक्ता वगळतात. कृपा करून वगळू नका.

[दृश्य: नकाशावर एक मोहरा आडवा पडलेला.]

आणि रिव्हिव्हिफाय. मेल्यावर एका मिनिटाच्या आत, म्हणजे दहा राउंडांत, माणूस परत आणणारा मंत्र. एरवी 300 नाण्यांचा हिरा खर्ची पडतो. स्क्रोलला तो लागत नाही. त्यामुळे टोळ्या हा स्क्रोल विकत घेतात आणि क्लेरिककडे देतात. मग क्लेरिकच मरते.

अशा वेळी टोळीत पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, असेल तर आशा आहे, कारण हा मंत्र त्याच्याही यादीत आहे. पाचव्या लेव्हलला त्याला तिसऱ्या लेव्हलचे मंत्र येत नाहीत, म्हणून करिष्मा या त्याच्या गुणावर तोच 13 चा रोल, आणि एकच संधी. पण स्क्रोल क्लेरिकच्या पिशवीत आहे, क्लेरिक ओग्र राक्षसाच्या पायाशी पडलीय, आणि दहातले तीन राउंड संपलेत. म्हणून पुढच्या वेळी हा स्क्रोल विकत घ्याल तेव्हा दोन घ्या, आणि दुसरा पॅलाडिनच्या कमरेला खोचा.