कॅलमझूचं हायस्कूल: खर्च कुणाचा, शिक्षण कुणाचं?

मित्रहो, अमेरिकेतल्या शाळांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या शहरांभोवतीची श्रीमंत उपनगरं येतात. आज मी एका लहान शहराबद्दल बोलणार आहे. मिशिगन राज्यातलं कॅलमझू, डेट्रॉईट आणि शिकागो यांच्या साधारण मध्यावर, वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. तिथल्या कॅलमझू सेंट्रल या सरकारी हायस्कूलचं मूळ १८५८ पर्यंत मागे जातं. या शहरात एकच प्रश्न दोनदा विचारला गेला: प्राथमिक शाळेच्या पुढचं शिक्षण सगळ्यांना द्यायचं का, आणि त्याचा खर्च कुणी उचलायचा?

पहिल्यांदा तो न्यायालयात विचारला गेला. १८७३ साली चार्ल्स स्टुअर्ट आणि आणखी काही करदात्यांनी शाळा मंडळावर दावा लावला. हे स्टुअर्ट अमेरिकेच्या सिनेटचे माजी सदस्य. त्यांचं म्हणणं असं, की लिहिता-वाचता येण्यापुरती शाळा करातून चालवा, पण लॅटिन-ग्रीकसारख्या भाषा आणि वरचं शिक्षण ही थोड्यांची हौस आहे, ज्याला हवी त्याने स्वतःच्या खिशातून भागवावी. पुढच्या वर्षी मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी निकाल दिला. तो मला फार मोलाचा वाटतो. कूलींनी राज्याच्या शिक्षणविषयक कायद्यांचा इतिहासच उलगडून दाखवला. राज्य खाली प्राथमिक शाळा चालवतं आणि वर ॲन आर्बरचं विद्यापीठही चालवतं. मग मधला टप्पा फक्त पैसेवाल्यांसाठी ठेवला, तर गरिबाच्या मुलाने विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचायचं कसं? शाळा मंडळाने कोणते विषय शिकवावेत यावर राज्याच्या घटनेत किंवा कायद्यात कुठलंही बंधन नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढे इतर राज्यांतल्या न्यायालयांनीही या निकालाचा आधार घेतला आणि करातून चालणारी हायस्कुलं कायद्याने भक्कम झाली.

मधली शंभर वर्षं मी भराभर ओलांडतो. कागद गिरण्या, गिब्सनच्या गिटारी, चेकर टॅक्सी, अपजॉनची औषधं यांवर हे शहर वाढलं. १९८०च्या दशकात चेकर टॅक्सींचं उत्पादन थांबलं आणि गिब्सनचा तिथला कारखाना बंद झाला, पुढे अपजॉनही विलीनीकरणांत संपली. त्याआधी, १९७०च्या दशकात, काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकवण्याचे आदेश न्यायालयाने दिल्यावर अनेक गोरी कुटुंबं शेजारच्या पोर्टेजसारख्या गावांकडे वळली. १९९४ साली राज्याने शाळांच्या पैशाची व्यवस्था बदलली. स्थानिक मालमत्ता करावरचा भार कमी केला, विक्रीकर ४ टक्क्यांवरून ६ टक्के केला आणि दर विद्यार्थ्यामागे ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. यामुळे मूल गेलं की त्याच्यामागचे पैसेही गेले. पट घसरणाऱ्या शाळेची वीज, बस, शिक्षकांचे पगार मात्र त्या प्रमाणात कमी होत नाहीत.

अशा अवस्थेत तो प्रश्न दुसऱ्यांदा पुढे आला. १० नोव्हेंबर २००५ रोजी शाळा मंडळाच्या बैठकीत अधीक्षक जॅनिस ब्राऊन यांनी एक घोषणा केली. काही देणगीदारांनी आपली नावं गुप्त ठेवून ठरवलं होतं, की शहराच्या सरकारी हायस्कुलांतून उत्तीर्ण होणाऱ्या मुलांची मिशिगनच्या सरकारी महाविद्यालयांतली आणि विद्यापीठांतली शिकवणी फी ते भरतील. या योजनेचं नाव ‘कॅलमझू प्रॉमिस’. बालवर्गापासून इथल्या शाळांत असलेल्याची पूर्ण फी, नववीत आलेल्याची ६५ टक्के आणि त्यानंतर आलेल्याला काही नाही. गुणांची अट नाही, उत्पन्नाचा दाखला नाही.

यावर लोक हमखास विचारतात: डॉक्टरच्या मुलाला फी माफ कशाला? माझं उत्तर असं आहे. दाखला मागितला, की योजना ‘गरिबांची’ होते आणि पहिल्या दिवसापासून त्या मुलांवर शिक्का बसतो. फॉर्म भरता न येणाऱ्या आईबापांची मुलं तर आधीच गळतात. इथे शिक्षक पहिलीच्या संपूर्ण वर्गाला सांगू शकतात की तुम्ही कॉलेजात जाणार आहात, आणि त्यांना एकाही मुलाला वगळावं लागत नाही. ज्या शाळांत निम्म्याहून अधिक मुलं कमी उत्पन्नामुळे सवलतीच्या जेवणाला पात्र आहेत, तिथे या वाक्याचं वजन किती असेल याचा विचार करा. शिवाय मध्यमवर्गीय कुटुंब शहरात टिकलं, तर शाळेचा पटही टिकतो. तसंच झालं. वर्षानुवर्षं घसरणारा पट पुन्हा वाढला. २०१० साली कॅलमझू सेंट्रलने एक राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि पदवीदान समारंभाचं भाषण करायला खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामा आले.

पण केवळ कौतुक करून मी थांबणार नाही. शहरातल्याच अपजॉन संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी या योजनेचा बारकाईने माग काढला आहे. पदवी किंवा प्रमाणपत्र पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढलं, ही मोठी गोष्ट. मात्र ही वाढ मुख्यतः मुलींमध्ये दिसली, मुलग्यांमध्ये जवळजवळ नाहीच. फी तीच, शाळा तीच, तरी असं का व्हावं? शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने या आकड्यापाशी थांबलं पाहिजे. फी भरून अडथळा दूर होतो, पण घरभाडं, नोकरीचे तास, वर्गात मागे पडल्याची लाज हे सगळं तसंच राहतं. आणि सगळ्यात गरीब कुटुंबंच भाड्याच्या घरांतून वारंवार हलतात. त्यांचं मूल दोन वर्षं शेजारच्या गावातल्या शाळेत गेलं, तर सलग शिकण्याची अट मोडते आणि परत आल्यावर त्याला मिळणाऱ्या फीची टक्केवारी घटते. हा नियम सैल करायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

योजनेतली एक तरतूद मात्र मला अतिशय शहाणपणाची वाटते. फीचा हक्क हायस्कूल संपल्यानंतर दहा वर्षं टिकतो. अठराव्या वर्षी कॉलेज सोडून कामाला लागलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी परत आला, तरी त्याची फी भरली जाते, आणि वेल्डिंगसारखा एखादा व्यवसाय शिकायचा असेल तर स्थानिक सामुदायिक महाविद्यालयात तेही करता येतं.