गाणे लपवणारा संगीतपट

श्रोतेहो, नमस्कार.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘मीन गर्ल्स’ या हॉलिवूडच्या नव्या चित्रपटाची पहिली झलक प्रसिद्ध झाली. त्या झलकीत गुलाबी कपड्यांतल्या मुली होत्या, शाळेचे लॉकर होते, टोमणे होते, पार्श्वभूमीला ऑलिव्हिया रॉड्रिगो या गायिकेचे एक लोकप्रिय गाणेही होते. नव्हती ती फक्त चित्रपटाची स्वतःची गाणी. १२ जानेवारी २०२४ रोजी चित्रपट अमेरिकेत लागला आणि पडद्यावरची पात्रे एकाएकी गाऊ लागताच प्रेक्षक चमकले, कुठे कुठे वैतागाचे सुस्कारेही ऐकू आले, अशा हकिगती येऊ लागल्या. संगीतपट म्हटला की लोक त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात, म्हणून तो शब्द आम्ही फारसा पुढे केला नाही, असे हा चित्रपट आणणाऱ्या पॅरामाउंट कंपनीच्या प्रसिद्धिप्रमुखांनी नंतर मान्यच केले. आपल्याकडे पूर्वी दाखवायच्या कार्यक्रमात मुलीला चष्मा काढून ठेवायला सांगत, त्यातलाच हा प्रकार. प्रसिद्धी खात्याचे हे वागणे एक वेळ समजून घेता येईल. परंतु गाण्याविषयीचा तोच संकोच खुद्द चित्रपटातही उतरला आहे, आणि माझी तक्रार त्याविषयी आहे.

मूळ ‘मीन गर्ल्स’ २००४ चा. रोझलिंड वाइझमन यांनी किशोरवयीन मुलींचे कंपू, त्यांतल्या मानकरणी आणि त्यांचे रुसवेफुगवे यांविषयी लिहिलेले एक माहितीपर पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यात गोष्ट अशी नव्हती. लेखिका टीना फे यांनी त्यातून गोष्ट काढली, मार्क वॉटर्स यांनी ती दिग्दर्शित केली, आणि सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरमध्ये झालेल्या त्या चित्रपटाने जगभरात १३ कोटींच्या आसपास कमाई केली. नायिका केडी हेरन ही प्राणिशास्त्रज्ञ आईवडिलांबरोबर आफ्रिकेत वाढलेली, घरीच शिकलेली मुलगी. तिला इलिनॉय राज्यातल्या एका शाळेत घातले जाते आणि तिथे तिची गाठ रेजिना जॉर्ज आणि तिच्या दोन सख्यांशी पडते. या तिघींना सारी शाळा ‘प्लॅस्टिक्स’ म्हणते. जॅनिस आणि डेमियन हे कंपूबाहेरचे दोघे मित्र केडीला हेर म्हणून त्या तिघींत धाडतात. ती सोंग आणते, आणि सोंग वठवता वठवता ते सोंग राहत नाही.

मी तो पहिल्यांदा पाहिला तो वसतिगृहात, एका मैत्रिणीच्या संगणकावर, सातआठ जणींनी एका खाटेवर दाटीवाटीने बसून. आमच्यापैकी कुणीही अमेरिका पाहिलेली नव्हती. पण हातात ताट घेऊन, कुठल्या टेबलाशी बसावे हे न कळून उभी राहिलेली मुलगी ओळखायला अमेरिका पाहावी लागत नाही. आमच्या मेसमध्ये ती दर जून महिन्यात दिसे.

त्या चित्रपटाचे मर्म केडीच्या निवेदनात होते. केडी झालेल्या लिंडसे लोहानच्या थोड्याशा घोगऱ्या आवाजात ती आपल्याला सगळे सांगत असते आणि सांगता सांगता बिघडत जाते. एक प्रसंग पाहा. ती मॉलमध्ये जाते, कारंज्याभोवती जमलेली मुलेमुली बघते आणि तिला आफ्रिकेतला पाणवठा आठवतो. पुढच्या क्षणी ती मुले खरोखरच माकडांसारखी एकमेकांवर उड्या मारू लागतात. सगळा विनोद काही सेकंदांत आटोपतो. परंतु तेवढ्यात आपल्याला कळते की ही मुलगी माणसांकडे प्राण्यांसारखे, दुरून, निरखून बघते आहे, आणि उद्या तीच त्या कळपात शिरणार आहे. शेवटाकडे गणिताच्या स्पर्धेत तिच्यासमोर एक साधीसुधी मुलगी प्रतिस्पर्धी म्हणून उभी राहते. केडीचे मन सवयीने तिच्या भुवया, कपडे, स्वस्तातले लिपग्लॉस यांची टिंगल करू लागते, आणि अर्ध्या वाटेत थांबते: हिची टिंगल केल्याने ही आपल्याला हरवायची थोडीच थांबणार आहे? तिच्यातला हा पालट समोरच्या मुलीला कळतही नाही. तो तिच्या मनात घडतो आणि फक्त आपण ऐकतो.

पुढे याच कथेचे संगीतक, म्हणजे गाण्यांतून उलगडणारे नाटक झाले. टीना फे यांची संहिता, त्यांचे पती जेफ रिचमंड यांचे संगीत, नेल बेंजामिन यांची गीते, अशा सामग्रीनिशी ते एप्रिल २०१८ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नामांकित रंगभूमीवर आले. टोनी या नाट्यपुरस्कारांसाठी त्याला १२ नामांकने मिळाली, पुरस्कार मात्र एकही मिळाला नाही, आणि मार्च २०२० मध्ये महामारीने नाट्यगृहे बंद पाडली ती त्याच्यासाठी कायमचीच ठरली. सामंथा जेन आणि आर्टुरो पेरेझ ज्युनियर यांनी दिग्दर्शित केलेला २०२४ चा चित्रपट या संगीतकावरून बेतलेला आहे. म्हणजे हे नकलेवरून केलेले रेखाटन. तेही सुंदर होऊ शकले असते.

झाले असे की गोष्ट सांगण्याचे काम केडीकडून काढून जॅनिस आणि डेमियन यांना दिले गेले. आरंभीच ते दोघे मोबाइलच्या उभ्या चौकटीत उभे राहून, आम्ही तुम्हाला एक बोधकथा सांगतो, अशा अर्थाचे गाणे म्हणतात. रंगमंचावर सूत्रधार शोभतो. इथे मात्र त्याने नायिकेची वाचाच नेली. मघाचा तो पाणवठ्याचा विनोद आता ‘एपेक्स प्रिडेटर’ नावाच्या संपूर्ण गाण्यात पसरला आहे: रेजिना ही या जंगलातली सर्वांत वरची शिकारी आहे, हे केडीला दुसरी माणसे गाऊन समजावतात. ज्या मुलीने सिंह प्रत्यक्ष पाहिले, तिला सिंह कसा असतो हे उपनगरातल्या मुलांनी सांगावे! नवी केडी झालेल्या अँगुरी राइस या अभिनेत्रीला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या वाट्याला येतात ती प्रेमात वेडे झाल्याच्या गाण्यासारखी मोजकी गाणी आणि बरेचसे बघत राहणे. मोहात पडण्याचे, खोटे बोलताना आतून सुखावण्याचे गाणे तिला कुणी दिलेच नाही.

संगीत नाटकावर पोसलेल्या आपल्या कानांना हे चटकन खटकते. बोलणे अपुरे पडले की पद येते, आणि पद संपले की पात्र आधी होते तिथे उरत नाही, ही आपली जुनी अपेक्षा. नटाने तासभर आळवले तरी तक्रार नसे (थोडी असे, पण तो वेगळा विषय). इथे पुष्कळ गाण्यांची मांडणी मवाळ, कानाशी कुजबुजणाऱ्या पॉपकडे झुकवली आहे, काही मोबाइलवरच्या चित्रफितींच्या थाटात चित्रित केली आहेत, आणि कित्येक तर गाळलीच आहेत. कॅमेरा गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरत नाही. कुणी आपल्याला गाताना पकडू नये अशी घाई त्यात दिसते.

शाळेतला नाताळाचा कार्यक्रम दोन्ही चित्रपटांत आहे. जुन्यात नाच चालू असताना रेजिनाची सखी ग्रेचन हिच्या पायाचा धक्का लागून सीडी प्लेअर उडतो आणि प्रेक्षकांतल्या एका मुलाच्या तोंडावर आदळतो. संगीत बंद. सभागृह गप्प. चौघी गोठलेल्या. मग केडी हळूच ते नाताळचे गाणे नुसत्या गळ्याने म्हणू लागते, सभागृह तिच्या सुरात सूर मिळवते, आणि कंपूतली सत्ता त्या क्षणी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. गंमत बघा, ज्याला कुणी संगीतपट म्हणणार नाही त्या चित्रपटात गाण्याने कथा पुढे नेली. नव्या चित्रपटात रेजिना मंचावर फजीत पावते, आणि निवाडा करतात ते मोबाइलवर झरझर येणारे अनोळखी चेहरे.

न्याय म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. रेने रॅप हिने रेजिना ब्रॉडवेवरही केली होती, आणि ‘वर्ल्ड बर्न’ हे गाणे म्हणताना तिचा आवाज असा कडाडतो की तेवढ्यापुरता चित्रपट आपला संकोच विसरतो. जॅनिस झालेली आउलिई क्रावाल्यो हिचे शेवटाकडचे गाणेही तसेच: ती शाळाभर गात सुटते आणि कॅमेरा एकदाचा तिच्यावर विश्वास ठेवून तिच्याबरोबर चालतो. आपल्या कुतूहलाची गोष्ट म्हणजे रेजिनाची दुसरी सखी, जुनी कॅरेन स्मिथ, हिची आता कॅरेन शेट्टी झाली आहे आणि अवंतिका या तेलुगूभाषक घरातल्या अमेरिकन मुलीने ती मोठ्या मजेत रंगवली आहे. शेट्टी म्हटल्यावर मुंबईकराच्या डोळ्यांपुढे जे काही वाफाळते येते, त्याचा मात्र चित्रपटाला पत्ता नाही. आडनाव बदलले, घर दाखवायचे राहिले.

पैशाच्या हिशेबात हा चित्रपट फसला नाही. ३ कोटी ६० लाख डॉलर खर्चून त्याने १० कोटींच्या वर मिळवले. जुन्यातल्या काही ओंगळ शिव्या आणि शिळे झालेले विनोद काढले, तेही बरेच झाले. मात्र त्यांच्याबरोबर दातही गेले आणि त्यांच्या जागी नवे बसवले नाहीत.

गणिताच्या स्पर्धेचा प्रसंग नव्या चित्रपटातही आहे. तिथे प्रश्न विचारणारी बाई वळते आणि प्रेक्षक तिला ओळखतात, कारण ती लिंडसे लोहान आहे. वीस वर्षांपूर्वी जी मुलगी उत्तरे देत होती, ती आता प्रश्न विचारते आहे. तिच्या वाट्याला काही मिनिटे आली आहेत, थोडे संवाद आहेत, आवाज आता आणखी घोगरा झाला आहे. ती गात नाही, आणि तो आवाज कानी पडल्यावर मला तरी पुढचे गाणे नीट ऐकू आले नाही.

नमस्कार.