घरचा आहेर

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'अमेरिकेतील सत्ताविभाजन आणि नियंत्रण-संतुलन' असा छापलाय. आयोजकांनी सुचवला आणि मी आनंदानं हो म्हटलं, कारण या विषयावरचं माझं एक जुनं भांडण आहे आणि ते कुठेतरी जाहीरपणे मांडायचं राहून गेलंय. आधी ते सांगते.

राज्यशास्त्र शिकलेल्यांना ती आकृती आठवत असेल. फळ्यावर तीन चौकोन काढायचे. एकात काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, एकात राष्ट्राध्यक्ष, एकात सर्वोच्च न्यायालय. प्रत्येक चौकोनातून बाकीच्या दोघांकडे एकेक बाण, म्हणजे सहा बाण. अध्यक्षाकडून काँग्रेसकडे जाणाऱ्या बाणावर लिहायचं 'नकाराधिकार', म्हणजे विधेयक नाकारणं. काँग्रेसकडून अध्यक्षाकडे जाणाऱ्यावर 'महाभियोग', म्हणजे पदावरून काढण्यासाठीचा खटला. न्यायालयाकडून दोघांकडे 'न्यायिक पुनर्विलोकन', म्हणजे घटनेत न बसणारं रद्द करणं. सहा बाण, सहा गुण. अठ्ठावीस वर्षं मी हे शिकवलं आणि तितकीच वर्षं या प्रश्नाचे पेपर तपासले.

एका वर्षी एका मुलाच्या पेपरात आकृती अगदी बरोबर होती, आणि खाली एक जादाचं वाक्य होतं: 'अध्यक्ष आणि काँग्रेस एकाच पक्षाचे असतील तर हे बाण भात्यातच राहतात.' मी खुर्चीतून उठलेच. इतका नेमका विचार एकोणीस-वीस वर्षांच्या मुलानं परीक्षेच्या घाईत केला होता. मी पूर्ण गुण दिले. पुढे फेरतपासणीत ते कमी झाले. का, तर नमुना उत्तरात हे वाक्य नाही, आणि विद्यार्थ्यानं स्वतःच्याच उत्तरावर शंका घेतली आहे. मी वाद घातला, अर्ज दिला, दोन वेळा जाऊन भेटले. काही झालं नाही. पेपरवर नाव नसतं, त्यामुळे तो मुलगा कोण हे मला कधीच कळलं नाही. आज कदाचित तो कुठेतरी वकील असेल, किंवा दुकान चालवत असेल. पण त्याचं वाक्य मी सोडलेलं नाही. आजचं सगळं भाषण त्या वाक्याला दिलेलं उत्तर आहे, म्हटलं तरी चालेल.

कारण त्या मुलानं हात घातला होता तो थेट अमेरिकी घटनेच्या एका शिल्पकाराच्या, जेम्स मॅडिसनच्या वर्मावर. 1787च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली तेव्हा पक्ष नव्हते. घटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नाही. दुसऱ्या वर्षी, 1788च्या फेब्रुवारीत, नव्या घटनेच्या समर्थनासाठी लिहिलेल्या फेडरलिस्ट लेखमालेच्या 51व्या लेखात मॅडिसननं सगळी मांडणी केली. माणसं देवदूत नाहीत, तेव्हा त्यांच्या चांगुलपणावर विसंबू नका. एकाच्या महत्त्वाकांक्षेसमोर दुसऱ्याची महत्त्वाकांक्षा उभी करा. सिनेटर सिनेटची, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाची, इभ्रत राखेल, अध्यक्ष अध्यक्षपदाची, आणि दोघांच्या ओढाताणीत तुमचं-माझं स्वातंत्र्य शिल्लक राहील. युक्ती मोठी सुरेख आहे. पण दहा वर्षांच्या आत पक्ष उभे राहिले, आणि त्यात स्वतः मॅडिसन जेफर्सनच्या बाजूनं पुढे होता. आता सिनेटरनं राखायचं कुणाचं? सिनेटचं की पक्षाचं?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. परक्यानं सोडलेला बाण वरवर लागतो. विरोधी पक्षानं अध्यक्षाला हुकूमशहा म्हटलं, तर लोक म्हणतात, हे तर रोजचंच. सत्ता खऱ्या अर्थानं अडते ती आपल्या माणसानं अडवली तर. आपल्याकडे वर्तमानपत्रांना त्यासाठी छान शब्द सापडलाय: घरचा आहेर. अमेरिकेच्या सव्वादोनशे वर्षांत नियंत्रण नावाची गोष्ट जिथे खरोखर चालली, तिथे बहुतेक वेळा घरचा आहेर झालेला दिसतो.

यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट 1952ची. ती जरा सावकाश सांगते.

कोरियात युद्ध चालू आहे. अध्यक्ष हॅरी ट्रुमन, डेमोक्रॅटिक पक्षाचा. पोलाद कामगारांना पगारवाढ हवी आहे. सरकारी वेतन मंडळानं वाढ सुचवली आहे, पण मालक म्हणतात, आधी पोलादाचा भाव वाढवू द्या. संप ठरला 9 एप्रिलपासून. संप झाला तर आघाडीवर दारूगोळा कमी पडेल, ही ट्रुमनची भीती. त्याच्या हातात टाफ्ट-हार्टले कायदा होता. तो वापरला असता तर संप ऐंशी दिवस पुढे ढकलता आला असता. पण हा कायदा त्याला कामगारविरोधी वाटायचा. 1947मध्ये त्यानं त्यावर नकाराधिकार वापरला होता आणि काँग्रेसनं दोन-तृतीयांश मतांनी तो मोडून काढला होता. मोडणाऱ्यांत त्याच्याच पक्षाचे कितीतरी लोक होते, हेही जाता जाता सांगते. तर 8 एप्रिलच्या रात्री ट्रुमन रेडिओ-टीव्हीवर आला आणि त्यानं जाहीर केलं, की देशातले बहुतेक पोलाद कारखाने सरकार ताब्यात घेत आहे. हुकमाचा क्रमांक 10340. ताबा घ्यायचा व्यापारमंत्री चार्ल्स सॉयर यांनी.

कायदा कुठला? कुठलाच नाही. कारखाने ताब्यात घेण्याचा अधिकार द्यावा का, यावर 1947मध्ये काँग्रेसनं विचार केला होता आणि नको म्हटलं होतं. ट्रुमन मनाचा मोकळा होता, हे मात्र सांगायला हवं. दुसऱ्याच दिवशी त्यानं काँग्रेसला कळवलं, की तुम्हाला हे पसंत नसेल तर तुम्ही दुसरा मार्ग काढा. काँग्रेसनं काय केलं? आरडाओरडा केला, कायदा काही केला नाही. तो बाण भात्यातच राहिला, बघा.

मालक कोर्टात गेले. जिल्हा न्यायालयात सरकारी वकिलांना न्यायाधीश डेव्हिड पाइन यांनी विचारलं, अध्यक्षांच्या अधिकाराला मर्यादा कोणती? वकील म्हणाले, दोनच: एक मतपेटी, दुसरी महाभियोग. म्हणजे अधेमधे कुणी काही बोलायचं नाही. 29 एप्रिलला पाइन यांनी निकाल दिला ट्रुमनच्या विरुद्ध. पाइन यांची नेमणूक डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्ट यांची. पहिला आहेर.

मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयात मालकांच्या बाजूनं उभे राहिले जॉन डेव्हिस, वय एकोणऐंशी. हे डेव्हिस 1924मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार होते! दुसरा आहेर.

आणि समोर नऊ न्यायमूर्ती. पाच रूझवेल्ट यांनी नेमलेले, चार स्वतः ट्रुमननं. नऊच्या नऊ डेमोक्रॅट अध्यक्षांनी बसवलेले. आकृतीवर विश्वास नसलेला कुणीही म्हणेल, निकाल लागल्यातच जमा आहे. 2 जूनला निकाल आला: सहा विरुद्ध तीन, अध्यक्षांचा हुकूम बेकायदा. त्या सहांतला एक टॉम क्लार्क. हा ट्रुमनचाच ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा कायदेविषयक प्रमुख, होता, आणि त्या पदावर असताना, आणीबाणीत अध्यक्षाकडे मोठे अंगभूत अधिकार असतात, असं मत त्यानंच लेखी दिलं होतं. दुसरे रॉबर्ट जॅक्सन. हे रूझवेल्टांचे ॲटर्नी जनरल असताना 1941मध्ये विमानाचा एक कारखाना सरकारनं ताब्यात घेतला, तेव्हा त्यांनी त्याचं समर्थन केलं होतं. सरकारनं तेच त्यांच्यासमोर ठेवलं. जॅक्सन यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: त्या वेळी मी एका बाजूचा वकील होतो, आज न्यायाधीश आहे, आणि तेव्हाची वकिली आजच्या निर्णयाला बांधू शकत नाही. हे वाचताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. मॅडिसनला जे हवं होतं, की माणसानं खुर्चीचं राखावं, ते इथे एका माणसात घडलेलं दिसतं.

ट्रुमननं काय केलं? कारखाने परत दिले, त्याच दिवशी. युद्ध चालू, संप लगेच सुरू, तो पुढे 53 दिवस चालला. पण 'निकाल मानत नाही' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. पुढे बहुमताचा निकाल लिहिणारे ह्यूगो ब्लॅक यांनी त्याला घरी जेवायला बोलावलं. न्यायमूर्ती डग्लस यांनी लिहून ठेवलंय, की सुरुवातीला ट्रुमन घुश्श्यात होता. थोड्या वेळानं ब्लॅकना म्हणाला, तुमचा कायदा मला फारसा रुचला नाही, पण तुमची बर्बन व्हिस्की मात्र झकास आहे. हसा, हसा, खरंच हसण्यासारखं आहे. हरलेला अध्यक्ष हरवणाऱ्याच्या अंगणात जेवतो आहे. आहेर तोंडावर फेकून न मारता ठेवून घेण्याची ही रीत कुठल्याही घटनेत लिहिता येत नाही.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. खरा विषय तर आत्ता सुरू व्हायचा होता, तेव्हा आता भराभर जाते.

1937. रूझवेल्ट आदल्या वर्षी 48पैकी 46 राज्यं जिंकून आलेले. सर्वोच्च न्यायालय त्यांचे कायदे रद्द करतंय, म्हणून सहापर्यंत जादा न्यायमूर्ती नेमायचं विधेयक त्यांनी आणलं. सिनेटमध्ये प्रचंड बहुमत त्यांच्याच पक्षाचं. विरोधाचं नेतृत्व केलं माँटानाच्या बर्टन व्हीलर यांनी, तेही डेमोक्रॅट. जुलैमध्ये 70 विरुद्ध 20 मतांनी विधेयक समितीकडे परत गेलं आणि तिथेच संपलं.

1974. वॉटरगेट प्रकरणात रिपब्लिकन अध्यक्ष निक्सननं आपल्या ध्वनिफिती द्यायलाच हव्यात, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आठ विरुद्ध शून्य. आठांतले तिघं निक्सननं नेमलेले, आणि निकालपत्र लिहिलं त्यानंच नेमलेल्या सरन्यायाधीश बर्गर यांनी. दोन आठवड्यांनी, 7 ऑगस्टला, गोल्डवॉटर, स्कॉट आणि ऱ्होड्स हे रिपब्लिकन पुढारी व्हाइट हाउसला गेले आणि महाभियोगातून वाचवायला मतं उरलेली नाहीत हे सांगून आले. 9 ऑगस्टला निक्सन पायउतार.

हे तिथे शक्य का होतं? न्यायाधीश तहहयात असतात, सिनेटर सहा वर्षांसाठी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही. आपल्याकडे 1985पासून पक्षादेश मोडला की सदस्यत्व धोक्यात येतं. अपात्रता, व्हीप, गट हे शब्द तर महाराष्ट्रात आता शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. तिथल्या सिनेटरनं अध्यक्षाविरुद्ध मत दिलं तर त्याची जागा कुणी काढून घेऊ शकत नाही. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948ला घटना समितीत सांगितलं होतं, की अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी, म्हणून आपण संसदीय पद्धत घेतो. तो निर्णय मला पटतो. ते स्वतः अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, अमेरिकी पद्धत जवळून पाहिलेले. आपण मात्र आपल्या आमदारा-खासदाराला घरचा आहेर करायची मुभाच ठेवली नाही, याची मला खंत वाटते.

अर्थात, ही मुभा असून तिथेही ती वापरणारे कमी होताहेत. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत आपलेच मतदार पाडतील, ही भीती कुठल्याही पक्षादेशापेक्षा मोठी ठरते आहे. महाभियोगाच्या खटल्यात आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाला दोषी ठरवणारं मत देणारा पहिला सिनेटर मिळायला 2020 साल उजाडावं लागलं. ते मिट रॉम्नी, आणि त्या दिवशी त्यांच्या पक्षातले ते एकटेच होते. पुढच्याच वर्षी, 2021च्या फेब्रुवारीत, असे सात रिपब्लिकन निघाले. दोषी ठरवणारी एकूण मतं पडली 57. शंभरांतली दोन-तृतीयांश, म्हणजे 67 लागत होती.

दहा कमी पडली. वेळ संपली, मी इथेच थांबते.